वकिलाची उमेदवारी

सनद मिळाली म्हणजे वकिली मिळाली, असा समज पुष्कळ सुशिक्षित घरांत असतो. आणि तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच मोडतो. सनद ही न्यायालयाच्या दारांतून आंत जाण्याची परवानगी होय. आंत गेल्यावर उभें कोठें राहावयाचें, कोणाच्या मागें बसावयाचें, पहिला कागद कोणाच्या हातून घ्यावयाचा, हें सनदेवर लिहिलेलें नसतें. तें एका लहानशा भेटींत ठरतें. मुंबईंत ही भेट एखाद्या उंच इमारतींतील काचेच्या खोलींत होते व तिला मुलाखत म्हणतात. जालन्यास ती न्यायालयाचें काम सुटल्यावर, सायंकाळीं, ज्येष्ठ वकिलांच्या घराच्या पुढच्या खोलींत होते. चहा येतो, मधून मधून पक्षकार डोकावतात, दूरध्वनी वाजतो, आणि अर्ध्या तासानें "उद्यांपासून या" किंवा "कळवितों" एवढ्यावर तिचा निकाल लागतो. तिला बहुधा नांवही नसतें. परंतु पांच वर्षें कायदा शिकलेल्या मुलाचें अथवा मुलीचें पुढील आयुष्य कोणत्या दिशेस वळणार, हें पुष्कळदां त्या अर्ध्या तासांतच ठरून जातें. तेथें काय विचारलें जातें, काय पाहिलें जातें आणि उमेदवारानें स्वतः काय विचारून घ्यावें, याची कल्पना आईबापांस फारशी नसते. ज्या घरांत आजवर कोणीं काळा कोट घातलेला नाहीं, त्या घरांत तर ती मुळींच नसते.

वकिलांची पेढी ही वस्तु महाराष्ट्रांत आली ती मुंबईच्या मार्गानें. १८६२ सालीं मुंबईस उच्च न्यायालय स्थापन झालें, आणि त्याच्या मूळ शाखेंत विलायतेच्या धर्तीवर कामाची वांटणी राहिली. सॉलिसिटर किंवा अ‍ॅटर्नी यानें पक्षकाराची हकीकत ऐकावी, कागद जमवावे, प्रकरण बांधावें. आणि बॅरिस्टरानें न्यायमूर्तींपुढें उभें राहून तें चालवावें, अशी ती वांटणी होती. बॅरिस्टरानें पक्षकाराकडून परस्पर काम घ्यावयाचें नाहीं; तें अ‍ॅटर्नीच्या पेढीकडूनच यावयाचें. बुद्धि बॅरिस्टराची खरी, पण किल्ली अ‍ॅटर्नीच्या कमरेला. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टानें देशांतील वकिलांचे निरनिराळे वर्ग मोडून एकच वर्ग करण्याचें ठरविलें, आणि १९७६ च्या दुरुस्तीनें अ‍ॅटर्नी हा स्वतंत्र वर्गही कायद्यांतून गेला. तथापि, १८९४ सालीं स्थापन झालेली बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी उमेदवारीची मुदत पुरी केलेल्यांची सॉलिसिटरची परीक्षा त्यानंतरही घेत आली, आणि मुंबईच्या पेढ्यांत त्या परीक्षेचा मान टिकून राहिला. कायद्यानें नाहींशी केलेली पदवी व्यवहारानें जपून ठेवावी, असें उदाहरण विरळाच.

या किल्लीचा अनुभव मोठमोठ्यांस आलेला आहे. १८९१ सालीं बॅरिस्टर होऊन परतलेल्या मोहनदास गांधींनीं मुंबईस कांहीं महिने काढले, काम मिळेना. शेवटीं एका शाळेची, रोज एक तास इंग्रजी शिकविण्याची, दरमहा ७५ रुपयांची जाहिरात पाहून ते मुलाखतीस गेले, आणि विद्यापीठाचे पदवीधर नाहींत म्हणून त्यांना तेथूनही परत यावें लागलें. विलायतेचा बॅरिस्टर मुंबईच्या शाळामास्तराच्या जागेस अपात्र ठरला! पुढें १८९३ सालीं दादा अब्दुल्ला यांच्या पेढीनें त्यांना नाताळांत बोलाविलें, तें एका वर्षासाठीं, १०५ पौंड आणि पहिल्या वर्गाचें जाण्यायेण्याचें भाडें या बोलीवर. ही बॅरिस्टरी कमी आणि पेढीची चाकरी अधिक, हें गांधींना तेव्हांच कळलें होतें, व तसें त्यांनीं पुढें स्पष्ट लिहूनही ठेविलें. तरी ते गेले. पुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

डॉक्टर आंबेडकरांची गोष्ट याहून कठीण. ग्रेज इन्‌मधून बॅरिस्टर होऊन त्यांनीं १९२३ सालीं मुंबईस वकिलीस प्रारंभ केला. विद्वत्तेंत त्यांच्या तोडीचे लोक त्या इमारतींत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. परंतु काम देणाऱ्या पेढ्या अस्पृश्य म्हणून गणलेल्या माणसाशीं व्यवहार ठेवण्यास कचरत. त्यामुळें त्यांना खालच्या न्यायालयांतील व जिल्ह्यांतील लहान कामांवर भिस्त ठेवावी लागली, आणि १९२५ पासून १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षणाच्या संस्थेंत व्यापारी कायदा शिकवून संसारास हातभार लावावा लागला. त्यांची मुलाखत कोणीं घेतली नाहीं. घेण्यापूर्वींच निकाल लागलेला होता. आजचा उमेदवार दारावर थाप मारतो तेव्हां ही हकीकत त्यानें व त्याहूनही दाराच्या आंत बसलेल्यांनीं आठवावी अशी आहे.

स्त्रियांना तर दारच नव्हतें. नाशिकास १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ सालीं ऑक्सफर्डची कायद्याची वरची परीक्षा दिली, लंडनच्या ली आणि पेंबर्टन या सॉलिसिटरांच्या पेढींत काम शिकून घेतलें; तरी हिंदुस्थानांत स्त्रियांना सर्वत्र सनद मिळण्यास १९२३ चा स्त्रियांविषयींचा कायदा व्हावा लागला. त्याच सुमारास मुंबईच्या उच्च न्यायालयांत आलेल्या मिठन टाटा यांना भुलाभाई देसाई यांनीं आपल्या कचेरींत उमेदवार म्हणून घेतलें. एका थोर वकिलानें एक खुर्ची पुढें सरकविली, एवढीच ती गोष्ट. पण तिचा अर्थ केवढा मोठा!

आतां जालन्याकडे वळूं. हा जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. तत्पूर्वीं जालना औरंगाबाद जिल्ह्यांत होतें, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. तेथील न्यायालयाची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला; त्यानंतर उच्च न्यायालयाचें काम म्हणजे मुंबईची वारी. २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादेस खंडपीठाचें काम चालूं झालें; त्याला आव्हान दिलें गेलें, आणि १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें योग्य ठरविलें. या एका गोष्टीनें जालन्याच्या तरुण वकिलाचें नशीब पालटलें. रात्रभर आगगाडीनें जाऊन अपीलाची तारीख गांठावी लागे, ती आतां सुमारें साठ किलोमीटरांवर आली. त्यामुळें येथील उमेदवारापुढें तीन वाटा असतात: जालन्याच्या जिल्हा न्यायालयांतील ज्येष्ठ वकिलांची कचेरी, छत्रपति संभाजीनगर म्हणून आतां ओळखल्या जाणाऱ्या त्या शेजारच्या शहरांतील खंडपीठापुढें काम करणारी कचेरी, किंवा पुण्यामुंबईची पेढी. तिन्ही ठिकाणची भेट निराळी, आणि तिची तयारीही निराळी.

जालन्यास काम कशाचें चालतें, हें प्रथम पाहावें. जमिनींच्या वांटपाचे व कब्जाचे दावे तर सर्वत्रच असतात. परंतु येथें लोखंडाच्या सळया तयार करणारे कारखाने आहेत. बी-बियाण्यांचा धंदा आहे, ज्याची सुरुवात बद्रिनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं काढलेल्या महिको कंपनीनें झाली. मोसंबीच्या बागा आहेत. आणि नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग जिल्ह्यांतून गेल्यापासून भूसंपादनाच्या मोबदल्याचे प्रश्न आहेत. म्हणून जालन्याच्या वकिलाच्या मेजावर न वटलेला धनादेश, न उगवलेलें बियाणें आणि अपुरा वाटणारा मोबदला हे तीन कागद शेजारीं शेजारीं पडलेले असतात. त्याच्या प्रश्नांचा ओघही त्यांतूनच निघतो.

न वटलेल्या धनादेशाचेंच घ्या. ज्येष्ठ वकील वर पाहतां पाहतां विचारतात: "तीन मार्चला बँकेनें धनादेश परत केल्याचें कळविलें. पुढें?" पुस्तक पाठ केलेला मुलगा कलम १३८ चा आंकडा सांगतो व थांबतो. ज्येष्ठांस आंकडा नको असतो, दिवस हवे असतात. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांचे आंत लेखी नोटीस गेली पाहिजे. (ही मुदत पूर्वीं पंधरा दिवसांची होती, २००२ च्या दुरुस्तीनें ती वाढली, आणि जुनीं पुस्तकें वाचून आलेला उमेदवार येथें हमखास अडखळतो.) नोटीस पंचवीस मार्चला पोंचली असें धरा. मग पैसे देण्यास पंधरा दिवस, म्हणजे नऊ एप्रिलपर्यंत. दहा एप्रिलला तक्रारीचें कारण उत्पन्न होतें, आणि तो दिवस सोडून एक महिना, म्हणजे दहा मेपर्यंत तक्रार दाखल झाली पाहिजे. उत्साही उमेदवार म्हणतो, "साहेब, मग पाच एप्रिललाच दाखल करून टाकूं." येथेंच त्याची परीक्षा होते. पंधरा दिवस संपण्यापूर्वीं दाखल केलेली तक्रार ही कायद्याच्या दृष्टीनें तक्रारच नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें आहे. उशीर झाला तर पुरेसें कारण दाखवून क्षमा मागतां येते. घाई मात्र मुळावर येते. जो मुलगा बोटें मोजून, न लाजतां, कागदावर तारखा मांडून उत्तर देतो, तो कलमांचा आंकडा घडाघडा म्हणणाऱ्यापेक्षां जिल्ह्याच्या कचेरींत अधिक पसंत पडतो. आणि तें योग्यच आहे. पक्षकार बुडतो तो बहुधा तत्त्वाच्या चुकीनें नव्हे, तारखेच्या चुकीनें.

बियाण्याचा प्रश्न याहून गमतीचा. शेतकऱ्यानें पिशवी विकत घेतली, सगळें बी पेरलें, उगवण झाली नाहीं. ग्राहक आयोगापुढें कंपनी म्हणते, शेतकरी हा ग्राहकच नव्हे. आणि असला तरी प्रयोगशाळेंत तपासण्यास बियाण्याचा नमुना कोठें आहे? उमेदवारानें काय सांगावें? नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणांत २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दोन्ही मुद्दे निकालांत काढले आहेत: शेतकरी हा ग्राहक आहे, आणि पेरणीसाठीं घेतलेल्या बियाण्यांतून त्यानें तपासणीकरितां मूठभर काढून ठेवावें अशी अपेक्षा त्याच्याकडून करतां येत नाहीं. निकालाचें नांव आठवलें नाहीं तरी चालतें. परंतु जालन्याचा ज्येष्ठ वकील येथें लगेच दुसऱ्या बाजूस उडी मारतो: "आतां तुम्ही कंपनीचे वकील आहांत असें समजा." पेरणीची खोली, पाऊस, जमिनीची ओल, पंचनाम्यांतील उणिवा, हे मुद्दे ज्याला सुचतात त्याला वकिलाचें मन आहे असें समजावें. केवळ शेतकऱ्याची कींव येऊन जो थांबतो तो सज्जन असेल, पण त्याला अजून शिकावयाचें आहे.

मराठवाड्याचा म्हणून एक खास प्रश्न असतो, आणि पुण्याहून शिकून आलेलीं हुशार मुलें त्यांत नेमकीं सांपडतात. कुळाच्या हक्काविषयीं विचारलें कीं तीं तत्काळ १९४८ च्या मुंबईच्या कूळकायद्याचें कलम ३२-ग सांगतात. पण तो कायदा येथें लागू नाहीं. येथें लागतो तो हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. त्यांतील संरक्षित कूळ आणि कलम ३८-ई यांवर कित्येक घराण्यांची मालकी उभी आहे. विदर्भाचा कायदा पुन्हा तिसराच, १९५८ चा. एकाच महाराष्ट्रांत तीन कूळकायदे आहेत, हें परीक्षेच्या पुस्तकांत एखाद्या तळटीपेंत असतें. अंबड-परतूरच्या पक्षकाराच्या घरीं तें जेवणाच्या पानावर असतें. शिवाय जुने कागद उर्दूंत, कांहीं मोडींत, आणि सालें फसली. फसली सालांत सुमारें ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८, म्हणजे निजामी राज्याचें शेवटचें वर्ष. हें ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे ज्येष्ठ वकील निराळ्या दृष्टीनें पाहूं लागतात. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली तेव्हां उर्दू व मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. आजोबांच्या पिढीनें जें सहज वाचलें तें नातवांच्या पिढीस परकें झालें होतें. एखाद्या मुलानें सहा महिने मोडी शिकण्यांत घालविले तर तें वायां जात नाहीं, एवढें जालन्यापुरतें तरी खात्रीनें म्हणतां येईल.

१ जुलै २०२४ पासून फौजदारीचे तिन्ही मोठे कायदे बदलले, तेव्हांपासून आणखी एक सापळा ठरून गेला आहे. "अपराध तीस जूनच्या रात्रीचा, फिर्याद पाच जुलैची, कोणता कायदा?" अपराधास जुनी भारतीय दंडसंहिता, कारण जें कृत्य ज्या दिवशीं घडलें त्या दिवसाचाच दंड त्यास लागावयाचा, पुढील तपासाची रीत मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें. उत्तर दोन वाक्यांचें आहे, पण तें न गोंधळतां यावें लागतें.

भाषेविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे. इंग्रजी चांगलें नाहीं म्हणून जालन्याचीं मुलें मनांतून खचतात. खंडपीठापुढें व मुंबईच्या पेढींत इंग्रजी लागतेंच, त्यांत संशय नाहीं. परंतु १९९८ च्या अधिसूचनेनें जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झालेली आहे, आणि चांगली मराठी लिहिणारा वकील हा चांगल्या इंग्रजी लिहिणाऱ्याहून कांहीं स्वस्त नाहीं. पुष्कळ कचेऱ्यांत भेटीच्या शेवटीं उमेदवारासमोर एक सातबारा, एक फेरफार आणि कोरा कागद ठेवतात व "दाव्याचे पहिले पांच परिच्छेद लिहा" असें सांगतात. येथें अलंकार नकोत. कोण, कोणाचा कोण, कोणती जमीन, तिच्या चतुःसीमा, कधीं काय घडलें, काय मागावयाचें. एका परिच्छेदांत एकच गोष्ट. ज्यानें वर्तमानपत्री मराठी सोडून बैठकीच्या मराठींत हकीकत मांडली त्यानें बाजी मारली. टंकलेखन स्वतःचें स्वतः करतां आलें पाहिजे, आणि संगणकावरून प्रकरण दाखल करण्याची रीतही ठाऊक पाहिजे. ज्येष्ठांना ती बहुधा येत नसते, आणि उमेदवार हवा असतो तो थोडा यासाठींही.

मुंबईच्या पेढीची मुलाखत निराळ्या वळणाची. तेथें दोन-तीन बैठका होतात. पहिलींत लेखी काम: एखाद्या कराराचें कलम देऊन त्यांतील धोका काढावयास सांगतात, किंवा दहा पानी निकालाचें एका पानांत सार लिहावयास लावतात. नंतर भागीदार भेटतात. त्यांचा आवडता प्रश्न उमेदवाराच्या स्वतःच्या अर्जावरच असतो. ज्यानें "लवाद, कंपनी कायदा, करकायदा यांत विशेष गोडी" असें एका ओळींत लिहिलेलें असतें, त्याला त्या तिन्हींपैकीं एकाची शेवटची वाचलेली गोष्ट विचारली जाते, आणि ओळ कोसळते. अर्जांत एकच खरें काम असावें व त्याविषयीं अर्धा तास बोलतां यावें. तालुक्याच्या न्यायालयांत साक्षीदाराची उलटतपासणी जवळून पाहिलेला मुलगा तेथें स्वतःला उणा समजतो. वस्तुतः काचेच्या खोलींत बसलेल्यांपैकीं कित्येकांनीं जिवंत साक्षीदार पाहिलेला नसतो. तें भांडवल लपवूं नये.

भेटींत एक प्रश्न असा येतो कीं त्याचें उत्तर न देणें हेंच उत्तर होय. उमेदवार पूर्वीं दुसऱ्या वकिलांकडे असला तर सहज विचारल्यासारखें विचारतात: "तिकडे त्या कारखान्याचें प्रकरण होतें ना? काय तडजोड चालली आहे?" पक्षकारानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट बाहेर बोलण्यास भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नें मनाई आहे, आणि ती मनाई कामगिरी संपल्यावरही संपत नाहीं. कांहीं ज्येष्ठ हा प्रश्न मुद्दामच टाकतात. "क्षमा असावी, तें मला सांगतां येणार नाहीं," एवढेंच नम्रपणें म्हणावें. जो सांगून टाकतो त्याला चहा मिळतो, काम मिळत नाहीं. आणि ज्या कचेरींत सांगितल्याबद्दल काम मिळतें, त्या कचेरींत जाऊं नये. जालन्यासारख्या ठिकाणीं नात्यांचाही प्रश्न असतो. मामा त्याच प्रकरणांत प्रतिवादी निघतात. तें पहिल्या भेटींतच सांगावें.

मग येतो तो जुना प्रश्न: "कोणाचे तुम्ही? गांव कोणतें?" पुष्कळदां तो निर्मळ असतो, जिल्ह्यांत ओळख लागली कीं बोलणें सुरू होतें. पण पुष्कळदां तो आडनांव ऐकूनही पुरा होत नाहीं आणि पुढें पुढें सरकत जातो, तेव्हां तो निर्मळ नसतो. मुलींच्या बाबतींत त्याच्या जोडीला लग्नाचा प्रश्न असतो: लग्न केव्हां, नंतर काम करूं देतील का, रात्री उशीर झाला तर? मुलाला हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, यावरूनच त्याची योग्यता ठरते. "दिलेलें काम वेळेवर होईल, याची हमी मी देतें" असें म्हणून मुलीनें बोलणें कामाकडे वळवावें, असा सल्ला अनुभवी वकीलभगिनी देतात. सल्ला व्यवहाराचा आहे. परंतु उत्तर देण्याची हुशारी मुलीकडून मागावी आणि प्रश्न विचारणाऱ्यास मोकळें सोडावें, हा न्याय कोठला? न्यायदानाच्या धंद्यांतील माणसांनीं तरी तो चालवूं नये.

पैशाचा विषय उमेदवार काढीत नाहीं, कारण त्याला लाज वाटते. ज्येष्ठ काढीत नाहींत, कारण त्यांना सोय वाटते. येथें एक कायद्याची खोंच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील एकोणपन्नासाव्या नियमाप्रमाणें वकिली चालूं असेपर्यंत वकिलास कोणाचा पूर्ण वेळ पगारी नोकर होतां येत नाहीं. म्हणून पेढींतील तरुण वकिलाला जें मिळतें त्याला पगार न म्हणतां व्यावसायिक मानधन म्हणतात. शब्द मानाचा, पण त्याच्या पाठीमागें नोकरीचें संरक्षण नाहीं: भविष्यनिर्वाह निधि नाहीं, रजेचा हक्क नाहीं, आणि किती द्यावें यालाही खालची मर्यादा नाहीं. जिल्ह्याच्या ठिकाणीं पहिलीं एक-दोन वर्षें कांहींच न देण्याची चाल पुष्कळ जुनी आहे, "आम्हांला कोणीं दिलें होतें?" हें तिचें समर्थन. ऑक्टोबर २०२४ मध्यें बार कौन्सिल ऑफ इंडियानें शहरांत दरमहा किमान २०,००० व ग्रामीण भागांत १५,००० रुपये द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारस होती, सक्ति नव्हे. फुकट उमेदवारी करणें ज्याला परवडतें तोच मग वकिलींत टिकतो, आणि शेतमजुराचा हुशार मुलगा दोन वर्षांत एखाद्या दुकानाच्या हिशेबाला बसतो. ज्येष्ठ वकिलांनाही पहिल्या वर्षीं उमेदवारापासून लाभ थोडा व त्रास अधिक होतो, हें खरें आहे. परंतु येण्याजाण्याचें भाडें आणि दुपारचें जेवण यांपुरतेंही न देणें हें शिकविण्याच्या मोबदल्यांत मोडत नाहीं.

सनदेचा खर्च मात्र थोडा उतरला. निरनिराळ्या राज्यांच्या कौन्सिलांनीं नांवनोंदणीच्या वेळीं हजारों रुपये घेण्याची प्रथा पाडली होती. कायद्यांत रक्कम ठरलेली आहे: एकूण ७५० रुपये, आणि अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारांस १२५. याहून अधिक घेतां येणार नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ३० जुलै २०२४ रोजीं दिला. घरांतून पहिला वकील होणाऱ्यास या फरकाचें मोल कळतें.

दुसऱ्या एका निकालानें ज्येष्ठांच्या पुढच्या खोलींतील गर्दी वाढविली. २० मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यापूर्वीं तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली, आणि तिच्या दाखल्यासाठीं निदान दहा वर्षें वकिली केलेल्या वकिलाची सही लागेल असें सांगितलें. त्यामुळें जीं मुलें सनद घेऊन अभ्यासिकेंत बसत, तीं कचेरी शोधूं लागलीं. अशा उमेदवारास ज्येष्ठ सरळ विचारतात: "काम शिकायला आलांत कीं दाखल्याला?" दोन्हींसाठीं आलों असें प्रामाणिकपणें सांगितलेलें बरें. न्यायाधीश होण्याची इच्छा हा कांहीं गुन्हा नाहीं. पण तीन वर्षें खुर्ची अडवून सही घेऊन जाणारा कोणालाच नको असतो.

उमेदवारानें उलट काय विचारावें? पुष्कळांना वाटतें कीं कांहींच विचारूं नये. तें चूक आहे. वकीलपत्रावर आपलें नांव येईल का; लहान अर्ज स्वतः चालविण्यास मिळतील का; स्वतःचें एखादें प्रकरण घेतां येईल का; न्यायाधीशाच्या परीक्षेच्या दिवसांत सुटी मिळेल का; मानधन किती व तें कोणत्या तारखेस. पांच प्रश्न, पांच मिनिटें. यांतला पहिला सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुधा राहून जातो. तीन वर्षें राबूनही न्यायालयाच्या कागदोपत्रीं ज्याचें नांव कोठेंच नाहीं, त्याला वकिली केल्याचें सिद्ध करणें जड जातें.

भेट सुखरूप पार पडली म्हणजे पहिल्या सोमवारीं उमेदवार कचेरींत येतो. त्याला वाटतें, आज उलटतपासणी पाहावयास मिळणार. कचेरीचे जुने कारकून, ज्यांना सर्वजण आदरानें काका म्हणतात, त्याच्या हातांत तारखांची वही देतात, आणि उद्यांच्या प्रकरणांच्या नस्त्या कपाटांतून काढून क्रमानें लावावयास सांगतात. एका नस्तीची दोरी सुटलेली असते, दुसरींत एक फेरफार उलटा लागलेला असतो, तिसरींत चौथ्याच प्रकरणाची नोटीस सांपडते. बाहेर पक्षकार बसलेला असतो, तो विचारतो, "साहेब, आपली तारीख कोणती?" तोंवर त्याला कोणीं साहेब म्हटलेलें नसतें.